बुरशी विकावी दुधासारखी

द्वितीय वर्ष, कला

मराठी भाषेने बुरशीवर मोठा अन्याय केलेला आहे. भाकरीला बुरशी आली की भाकरी उकिरड्यावर जाते, लोणच्याला आली की बरणी घासायला निघते, आणि एखाद्याचे विचार जुनाट झाले तर त्यांनाही बुरशी लागली असे आपण म्हणतो. म्हणजे बुरशी हा शब्द उच्चारला की फेकून देणे एवढेच मनात येते. उलट पिकावर जे विष फवारतात त्याला मात्र आपण सगळे ‘औषध’ म्हणतो. ‘औषध आणलं का?’ ‘औषध मारून झालं का?’ आणि तेच पिऊन कोणी जीव दिला की दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात बातमी येते, ‘विषारी औषध प्राशन केले.’ विषारी आणि औषध हे दोन शब्द एकमेकांशेजारी बसवताना आपल्या भाषेला काहीच खुपत नाही. मी मराठीची विद्यार्थिनी आहे, म्हणून मला ते खुपले.

कला शाखेच्या मुलीने अळ्यांवर लेख लिहावा याचे काही मैत्रिणींना हसू आले. शेतीचे विषय शेतकी कॉलेजच्या मुलांनी हाताळावेत, आपण कविता, प्रवासवर्णने आणि ‘स्त्रीची बदलती प्रतिमा’ लिहावी, असा आपल्या वार्षिकांकाचा एक रिवाजच आहे. पण वाचक मित्रहो, आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिली. माझी फी, एस. टी. चा पास आणि वसतिगृहाचे जेवण हे सारे मक्यावर चालते. मका गेला की आमच्याकडे पहिली गोष्ट होते ती ही, की घरी पाहुणे यायला लागतात आणि ‘मुलगी कितवीला आहे?’ असे विचारायला लागतात. गावातल्या माझ्या वर्गातल्या दोघी अशाच दोन वाईट सालांत लग्न होऊन गेल्या. तेव्हा मक्याच्या पोंग्यात बसलेली अळी हा माझ्या अभ्यासक्रमाबाहेरचा विषय आहे, असे मला म्हणता येत नाही.

आमच्या कन्नड-सिल्लोडकडच्या भागात मका हे बिनघोर पीक मानले जाई. कापसामागे माणूस वर्षभर धावतो, मिरची रोज काही ना काही मागते, पण मका पेरला, खत घातले, एक-दोनदा निंदला की कणसे भरेपर्यंत त्याच्याकडे कोणी फारसे बघत नसे. कोंबड्यांच्या खाद्याला मका लागतो, स्टार्चला लागतो, आता इथेनॉललाही लागतो. कडबा गुरांना होतो. म्हणून बाजरीची रानेसुद्धा हळूहळू मक्याखाली आली. हा बिनघोरपणा 2018 साली संपला. त्या वर्षी मे महिन्यात कर्नाटकात शिवमोग्याकडे मक्यावर एक नवी अळी सापडली. मूळची ती अमेरिका खंडातली. 2016 साली ती आफ्रिकेत दिसली आणि तिथून दोन वर्षांत आपल्याकडे पोचली. तिचा पतंग वाऱ्याच्या साथीने एका रात्रीत शंभर किलोमीटरपर्यंत जातो, तेव्हा महाराष्ट्राची हद्द ओलांडायला तिला त्याच वर्षाचा पावसाळाही पुरा लागला नाही. 2019 च्या खरिपात तर आमच्या शिवारात पोंगा फाटलेला नाही असे रान शोधावे लागत होते.

हिला लष्करी अळी म्हणतात. ओळखायची खूण सोपी आहे: डोक्यावर इंग्रजी ‘वाय’ अक्षर उलटे काढल्यासारखी पांढरी रेघ, आणि शेपटीजवळ चौकोनात बसवलेले चार काळे ठिपके. मादी पानावर शे-दोनशे अंड्यांचा एक पुंजका घालते, त्यावर आपल्या अंगाची लव पसरते, आणि आयुष्यात असे अनेक पुंजके घालते. बाहेर आलेल्या बारीक अळ्या पान नुसते खरवडतात. पानावर पांढरे पापुद्रे दिसतात ते याच वेळी. मग त्या पोंग्यात शिरतात. तिथे त्या एकमेकींनाही खातात, म्हणून मोठी झालेली अळी एका पोंग्यात बहुधा एकटीच सापडते. (लष्कर म्हणावे आणि आपलेच शिपाई खावेत, असले हे लष्कर!) पोंग्यात बसून ती भुश्यासारखी विष्ठा वर ढकलते, आणि त्या भुश्याचे बूच इतके घट्ट बसते की वरून मारलेला फवारा तिच्यापर्यंत पोचतच नाही. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, एका हंगामात तीनदा पंप पाठीवर घेऊन फिरले. तिसऱ्यांदा औषध बदलून आणले होते. अळी बुचाखाली सुखरूप होती.

मका डोक्याइतका वाढल्यावर फवारणे म्हणजे काय, ते ज्याने केले आहे त्यालाच कळेल. नोझल तोंडासमोर येते, पाने दोन्हीकडून अंगावर घासतात, आणि फवारा पिकावर जितका पडतो तितकाच आपल्यावर. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसेक शेतकरी-शेतमजूर मेले. तिथेही कापूस पुरुषभर उंच वाढला होता, हे कारण तेव्हा पुढे आले होते. बाटलीवर एक त्रिकोण असतो. लाल म्हणजे अति जहाल, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा सगळ्यात सौम्य. आमच्या गल्लीत मी विचारून पाहिले, तेव्हा बहुतेकांना तो कंपनीचा छाप वाटत होता. सोबतच्या पत्रकात मराठीही असते. पण अक्षर मुंगीच्या पायाएवढे आणि मराठी अशी की बी. ए. च्या मुलीलाही दोनदा वाचावी लागते.

आता ज्या बुरशीसाठी हा लेख लिहायला घेतला तिच्याकडे येते.

भाद्रपदात झडीचा पाऊस लागून गेला की सोयाबीनच्या आणि मक्याच्या पानांवर कधी कधी मेलेल्या अळ्या दिसतात. मऊ, काळ्या पडलेल्या नव्हेत. ताठ, पांढऱ्या, खडूच्या तुकड्यासारख्या. पानाच्या टोकाकडे वर चढून तिथेच चिकटलेल्या. दोन-तीन दिवसांनी त्याच अळीवर फिकट हिरवी भुकटी येते. आमच्याकडे ‘पावसानं मेली’ असे म्हणून लोक पुढे जातात. पावसाने ती मरत नाही. तिला एका बुरशीने मारलेले असते. शास्त्रात तिचे नाव मेटारायझियम रायलेई. जुन्या पुस्तकांत आणि अजूनही पुष्कळ पाकिटांवर नोमुरिया रायलेई.

तिची काम करण्याची रीत मला फार विलक्षण वाटली. रासायनिक विष बहुतेक वेळा अळीच्या पोटात जावे लागते किंवा अंगावर पडून तिच्या मज्जातंतूंना झटका द्यावा लागतो. बुरशीला अळीने तिला खावे अशी गरजच नाही. हवेतला किंवा फवाऱ्यातला बीजाणू अळीच्या कातडीला चिकटतो. हवेत पुरेसा दमटपणा असेल तर तो बी रुजावे तसा रुजतो, कातडी विरघळवणारे पाचक रस सोडतो, आणि एक सूक्ष्म तंतू आत घुसवतो. आत अळीच्या रक्तात तो वाढत जातो. अळीची भूक मंदावते, ती सुस्त होते, आणि साधारण आठवडाभरात मरते. मेल्यावर बुरशी पुन्हा कातडी फोडून बाहेर येते, आणि त्या हिरव्या भुकटीतून कोट्यवधी बीजाणू वाऱ्यावर निघतात, शेजारच्या झाडावरच्या अळीसाठी. म्हणजे मेलेली अळीच पुढचा फवारा मारते. बाटलीतले कोणतेही विष हे करीत नाही.

आणि हे काही कालचे संशोधन नव्हे. इटलीत आगोस्तिनो बासी नावाच्या गृहस्थाने 1835 साली दाखवून दिले की रेशमाच्या किड्यांना पांढरे करून मारणारा रोग एका बुरशीमुळे होतो. सूक्ष्म जीवामुळे प्राण्याला रोग होतो हे त्याने पाश्चर-कॉखच्याही आधी सिद्ध केले. पुढे 1879 च्या सुमारास ओडेसाकडे मेचनिकॉफने गव्हावरच्या भुंगेऱ्याला हिरव्या बुरशीने मारण्याचे प्रयोग केले. याच मेचनिकॉफला 1908 साली रोगप्रतिकारशक्तीच्या संशोधनाबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या शेजारी धारवाडच्या कृषी विद्यापीठात नोमुरियावर वर्षानुवर्षे काम झालेले आहे. लष्करी अळी आल्यावर सरकारी संशोधन संस्थांनी शिफारसही केली: पेरणीनंतर पंधरा ते पंचवीस दिवसांच्या दरम्यान, तांदळावर वाढवलेली नोमुरिया लिटरला तीन ग्रॅम, किंवा मेटारायझियम ॲनिसोप्लीची भुकटी लिटरला पाच ग्रॅम, थेट पोंग्यात. त्या एका ग्रॅमात दहा कोटी बीजाणू असावेत असे प्रमाण आहे.

मग दीडशे-पावणेदोनशे वर्षांची ही विद्या आमच्या बांधापर्यंत का आली नाही?

सोपे उत्तर सगळ्यांकडे तयार असते: शेतकरी अडाणी आहे. हे उत्तर मला मान्य नाही. अण्णा चौथी शिकलेले आहेत, पण मी हे सगळे त्यांना वाचून दाखवले तेव्हा त्यांनी जो पहिला प्रश्न विचारला तो कोणत्याही प्राध्यापकाने विचारावा असा होता. “आठ दिवसांनी मरती म्हणतीस. तवर ती उपाशी बसती का?” उपाशी बसत नाही. पण अळीच्या सहा अवस्था असतात आणि तिच्या जन्मभराच्या खाण्यातला बहुतेक वाटा शेवटच्या दोन अवस्थांत खाल्ला जातो. बारीक अळी बुरशीने गाठली तर ती मोठी व्हायच्या आतच मरते. तिथे आठ दिवसांचा उशीर झाडाला सोसतो. अळी बोटाएवढी झाल्यावर, पोंग्याला बूच बसल्यावर बुरशी आणली तर तिच्याकडून काही होणार नाही, आणि मग लोक म्हणणार, बुरशी खोटी. अण्णांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, “म्हंजी पोंगा रोज बघावा लागंल.” बरोबर. बुरशीला पैसा कमी लागतो आणि डोळा जास्त लागतो.

अण्णांना पटले. मग आम्ही तालुक्याच्या एका कृषी सेवा केंद्रात गेलो. दुकानदार सज्जन माणूस आहे, आमच्या अडीनडीला उभा राहिलेला. तो म्हणाला, “हाये ना एक पाकीट.” आणि पत्र्याखालच्या वरच्या फळीवरून त्याने एक पाकीट काढून फुंकून धूळ उडवली. त्यावरची मुदत संपायला महिना होता, आणि अख्खा उन्हाळा त्या पत्र्याखाली गेलेला होता. बुरशी ही जिवंत वस्तू. तापलेल्या पत्र्याखाली तिच्यात किती जीव उरला असेल? दुकानदार पुढे म्हणाला, “ह्ये राहू द्या. ही बाटली न्या, दोन दिवसांत अळी झोपती. पैशाचं काय, सुगीला बघू.”

या शेवटच्या वाक्यात सगळे आले. आमचे बियाणे त्याच्याकडचे, खत त्याच्याकडचे, ते सगळे वहीवर. वहीवाल्याला ‘नको, मी परभणीला जाऊन आणतो’ असे कोण म्हणणार? परभणीच्या कृषी विद्यापीठात अशा बुरशा तयार होतात आणि शेतकऱ्याला मिळतात. पण आमच्या गावाहून तिथे जाऊन यायचे म्हणजे पूर्ण दिवस मोडतो, भाडे जाते, आणि रोख मोजावे लागतात. जुलै महिन्यात रोख कोणाकडे असते? म्हणजे अडचण ज्ञानाची कमी आणि उधारीची जास्त आहे. भाषणे, भित्तिपत्रके आणि शेतकरी मेळावे यांनी ती सुटणार नाही, कारण मेळाव्यात कोणी वही घेऊन बसत नाही.

मला वाटते, बुरशी दुधासारखी विकली पाहिजे.

हसू नका, जरा बघा. दूध जिवंत नसले तरी नाशिवंत आहे. उन्हात राहिले तर फाटते. म्हणून आपण त्याची एक व्यवस्था उभी केली. गावोगावी संकलन केंद्र आहे. ते सकाळी आणि संध्याकाळी उघडते. तिथे वजन होते, फॅट लागते, प्रत्येकाच्या नावाचे खाते असते आणि दर दहा दिवसांनी बिल निघते. पेंडीचे पोते न्यायचे असेल तर आजही ते उधार मिळते आणि दुधाच्या बिलातून कापले जाते. बुरशीला नेमके हेच हवे आहे. ती ताजी हवी, तिच्यावर तारीख हवी, थंड जागा हवी. ती फवारायची वेळही संध्याकाळची, कारण दुपारच्या उन्हाने बीजाणू मरतात आणि रात्रीचा दमटपणा त्यांना मानवतो. दूध घालायला आलेला माणूस पाकीट घेऊन थेट रानात जाऊ शकतो. केंद्रात दुधाच्या टाकीपासून दूर, वेगळ्या खोलीत एक साधा फ्रीज एवढाच खर्च. विक्रीला परवाना लागतो हे मला माहीत आहे. बियाण्याच्या दुकानाला तो मिळतो तर दूध संस्थेला मिळवून देणे सरकारला जड जाऊ नये.

आणि ती तयार करायलाही विलायतेहून काही आणावे लागत नाही. कणी तांदूळ भिजवून पिशव्यांत भरायचा, वाफेवर निर्जंतुक करायचा, गार झाल्यावर प्रयोगशाळेतून आणलेले शुद्ध विरजण घालायचे (मी विरजणच म्हणते, आईला हा शब्द एका क्षणात कळला), आणि पिशव्या सावलीत ठेवायच्या. साधारण दोन आठवड्यांत तांदूळ हिरवा होतो. स्वच्छता मात्र बाळंतिणीच्या खोलीसारखी हवी, नाहीतर भलतीच बुरशी वाढते. म्हणून घरोघर हे करावे असे मी म्हणणार नाही. तालुक्याला एक केंद्र, त्यावर कृषी विज्ञान केंद्राची देखरेख, प्रत्येक घाणीतला नमुना तपासलेला, आणि काम करायला बचत गटाच्या बायका, ज्या आज पापड आणि शेवया करून सरकारी प्रदर्शनांत फोटोपुरत्या उभ्या राहतात. तपासणीचा आग्रह मी यासाठी धरते की ‘जैविक’ हे नाव लावून बाजारात काय काय खपते ते शेतकऱ्यांनी पाहिले आहे. एकदा फसलेला माणूस खऱ्या बुरशीलाही हात लावीत नाही.

बुरशीला देवपण द्यावे असे मला मुळीच वाटत नाही. विषमुक्त शेतीची व्याख्याने देणारे काही लोक असे बोलतात की जणू फवारणाऱ्याने पाप केले. अण्णांनी पाप केलेले नाही. उन्हाळी मक्यात हवा कोरडी असते, तिथे बुरशीचा जोर कमीच राहणार. पाऊस उघडून कडक ऊन पडले तर खरिपातही तिची पंचाईत होते. बुरशीनाशक फवारले तर अळीची बुरशीही त्यात मरते. अळी मोठी होऊन बसली असेल आणि रान जात असेल, तर शिफारस केलेले रासायनिक औषध एकदा मारावे लागेल. ते तोंडाला फडके बांधून, वाऱ्याची दिशा बघून मारावे. आणि एक इशारा जालना-बीडकडच्या मित्रांसाठी: ज्यांच्या घरी तुती आणि रेशमाचे किडे आहेत त्यांनी या बुरशा जवळपास फवारू नयेत. बासीने ज्या किड्यांवर हा शोध लावला ते किडेही शेवटी अळ्याच होते. बुरशी आपली आणि परकी ओळखत नाही.

काहींचे म्हणणे असते की कापसासारखा बीटी मका आणा म्हणजे झाले. आपल्या देशात तसल्या मक्याला परवानगी नाही. पण ज्या पोर्तो रिको बेटावर तो पेरला जात होता तिथे 2006 सालीच ही अळी त्यातल्या एका प्रकाराला दाद देईनाशी झाली होती. बोंडअळीने आपल्याला तोच धडा शिकवलेला आहे. बुरशी अळीबरोबर युगानुयुगे झुंजत आलेली आहे. तिला हाताशी धरायचे तर घाई करून चालत नाही, आणि व्यवस्था उभी केल्याशिवाय तर मुळीच चालत नाही.

आता आपल्या महाविद्यालयाविषयी. राष्ट्रीय सेवा योजनेचे आपले शिबिर दर हिवाळ्यात एका दत्तक गावी जाते. सात दिवस आपण गटारे काढतो, भिंतीवर सुविचार लिहितो, रात्री पथनाट्य करतो आणि समारोपाला आमदारांची वाट बघतो. गावाला त्याचा उपयोग होत नाही असे नाही. पण हिवाळ्यात खरिपाचा मका खळ्यावर आलेला असतो, आणि पोंगा बघायचे दिवस असतात जुलैचा दुसरा पंधरवडा. त्याच वेळी शंभर मुले गावात गेली, प्रत्येकाने दहा रानांत फिरून पापुद्रे आणि अंड्यांचे पुंजके शोधले, बाटलीवरच्या त्रिकोणाचा अर्थ घरोघरी सांगितला, आणि ते मुंगीच्या पायाएवढे पत्रक सोप्या मराठीत मोठ्या अक्षरांत लिहून दूध केंद्राच्या भिंतीवर लावले, तर त्याला विज्ञान शाखेचे शिक्षण लागत नाही. पत्रक सोप्या मराठीत लिहिणे हे तर आमचे, मराठी विभागाचेच काम आहे.

शिबिरातले तीन दिवस तरी जुलैत घ्यावेत असा अर्ज आम्ही अकरा जणींनी आणि चार मुलांनी सह्या करून कार्यालयात दिला आहे. जुलैत प्रवेशाची धांदल असते, असे तोंडी उत्तर मिळाले. लेखी अजून यायचे आहे.